मोठ्या वाऱ्याची रात्र

१९०९ सालच्या जानेवारीपासून आयर्लंडमधील सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना सरकारी पेन्शन मिळू लागले. पण वय सिद्ध कसे करायचे? त्या देशात सर्व जन्मांची नोंद सुरू झाली ती १८६४ साली. मग अधिकारी म्हाताऱ्यांना विचारू लागले, "मोठ्या वाऱ्याची रात्र तुम्हाला आठवते का?" आपल्याकडची जुनी माणसे 'प्लेगच्या सालचा जन्म' असे सांगत, त्यातलाच हा प्रकार.

ही रात्र होती ६ जानेवारी १८३९ची. आदल्या दिवशी बर्फ पडला होता. त्या दिवशी मात्र हवा विलक्षण शांत आणि उबदार होती. संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटला आणि मध्यरात्रीनंतर त्याने थैमान घातले. गवताने शाकारलेली छपरे उडाली. चुलीतील निखारे पसरून वस्त्या पेटल्या. जगबुडी आली, असेच अनेकांना वाटले. अडीचशे ते तीनशे माणसे दगावली असा अंदाज आहे. त्या दुपारच्या शांततेचा अर्थ सांगणारे कोणीच नव्हते.

आयर्लंड सुमारे ५१ ते ५५ उत्तर अक्षांशांवर, समशीतोष्ण पट्ट्यात येते. तिथे अशी वादळे का यावीत? हिवाळ्यात ध्रुवाकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उबदार हवा अटलांटिकवर समोरासमोर येतात. त्यांच्या तापमानातील फरक हीच या वादळांची शिदोरी. उष्ण कटिबंधातील चक्रीवादळाचे तसे नसते. त्याला समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ लागते. उत्तरेकडे थंड पाण्यावर आले की ते मंदावते. पण त्याचे अवशेष थंड-उबदार हवेच्या सीमेवर पोहोचले आणि वर उंचावरचा वेगवान वायुप्रवाह अनुकूल असला, तर त्यांना नवी ऊर्जा मिळते. वादळ मरत नाही, कात टाकते. त्याच्या वाऱ्यांचा घेरही बहुधा वाढतो.

वादळाची वर्दी वादळाआधी पोहोचली पाहिजे. हे शक्य केले तारयंत्राने. १८५९च्या ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटले आणि साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी किनाऱ्यावरील ठाण्यांकडून हवामानाच्या तारा मागवायला सुरुवात केली. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचे कप्तान ते हेच. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या व्हॅलेन्शिया येथून १८६०च्या ऑक्टोबरमध्ये पहिली तार गेली. वादळे पश्चिमेकडून येणार, म्हणून पश्चिम टोकाचे ठाणे मोलाचे. १८६१ साली बंदरांना वादळाचे इशारे मिळू लागले.

तरीही तारेच्या ठाण्यापलीकडे अथांग समुद्र होता. १६ सप्टेंबर १९६१ रोजी 'डेबी' हे वादळ आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेले. त्यात या बेटावर १८ जणांचा बळी गेला.

त्यानंतर उपग्रह आणि संगणक आले. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी अझोर्स बेटांजवळ 'ओफेलिया' हे तिसऱ्या श्रेणीचे चक्रीवादळ बनले. अटलांटिकमध्ये इतक्या पूर्वेला एवढे तीव्र चक्रीवादळ त्याआधी नोंदले गेले नव्हते. १६ तारखेला ते आयर्लंडला भिडले, तेव्हा त्याचे रूप बदललेले होते. पण आदल्या संध्याकाळीच साऱ्या देशाला लाल इशारा मिळाला होता आणि शाळा बंद ठेवल्या होत्या. साडेतीन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, तिघे दगावले. २४ जानेवारी २०२५च्या 'एओविन' वादळात तर ताशी १८२ किलोमीटर हा १९४५ सालचा वाऱ्याचा विक्रम मोडला. सात लाखांहून अधिक ग्राहक अंधारात होते.

प्रत्येक वादळाचे बळ आणि वाट वेगळी, तेव्हा मृतांच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. पण एक फरक स्पष्ट आहे. १८३९ साली माणसे वाऱ्याने जागी झाली; २०१७ साली ती आधीच दारे लावून घरात होती. वारा आपल्या हाती नाही. त्याची खबर वेळेवर मिळणे आणि ती ऐकणे आपल्या हाती आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहता येईल. घरातील वृद्धांना आठवणारे वादळ विचारावे, त्याचे साल काढावे आणि ते जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहावे. वादळाची वर्दी त्यांना कशी मिळाली होती, हे विचारायला मात्र विसरू नये.