लष्करी विमानांची निशाणी व नोंद

मनसबदाराने हजिरीच्या वेळी उसना घोडा आपला म्हणून दाखवू नये, यासाठी अकबराच्या अमदानीत घोड्यास दाग देण्याची व स्वाराचा चेहरा दप्तरी नोंदविण्याची पद्धत अमलात आली; सैन्याची खरी गणती सरकारास कळावी ही जी निकड त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती, तीच विसाव्या शतकात लष्करी विमानांवर अक्षरे व अंक रंगविण्यास कारण झाली. तथापि विमान शत्रूच्याही दृष्टीस पडत असल्यामुळे, स्वकीयांना ओळख पटविणे आणि परकीयांस आपल्या बळाचा थांग लागू न देणे, अशी दोन परस्परविरुद्ध कर्तव्ये त्याच्या निशाणीवर येऊन पडली.

पहिल्या कर्तव्याचा धडा १९१४ साली फ्रान्सच्या रणभूमीवर मिळाला. ब्रिटिश विमानांवर प्रारंभी युनियन जॅक रंगविलेला असे. परंतु दुरून त्यातील क्रूसच तेवढा उठून दिसे, तो जर्मनांच्या क्रूसासारखा भासे, आणि स्वपक्षाचेच शिपाई खालून गोळ्या झाडीत. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस फ्रेंचांचे वर्तुळ, तांबडा रंग मध्यभागी व निळा कडेला असा क्रम उलटवून, स्वीकारण्यात आले. पुढे १९४२ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तोच तांबडा ठिपका जपानी सूर्यबिंबाशी गल्लत होईल म्हणून पुसण्यात आला, आणि भारतीय स्क्वाड्रनची विमानेही केवळ निळ्या छटांचे वर्तुळ धारण करून लढली.

दुसऱ्या कर्तव्याचा भार क्रमांकांनी वाहिला. १९१२ साली एकपासून सुरू झालेली ब्रिटिश क्रममालिका दहा हजारांवर पोहोचल्यावर अंकांपूर्वी एक अक्षर आले, आणि १९४० साली ती अक्षरेही संपत आल्यावर दोन अक्षरे व तीन अंक अशी रचना झाली; एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘आय’ व ‘ओ’ ही अक्षरे वर्ज्य ठरली. मधले अनेक क्रमांक हेतुतः कोणत्याही विमानास न देता सोडले जात, जेणेकरून सर्वांत मोठा क्रमांक वाचून एकंदर विमानांची संख्या ताडू पाहणाऱ्या शत्रूचा हिशेब चुकावा.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड येथे चार वापिती विमानांनिशी उभ्या राहिलेल्या आपल्या पहिल्या स्क्वाड्रनने ब्रिटिशांचीच चिन्हे वागविली. स्वातंत्र्यानंतर मात्र प्रथम अशोकचक्र आणि पुढे केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ आले, आणि हंटरला ‘बीए’, नॅटला ‘आयई’, कॅनबेराला ‘आयएफ’ अशी विमानाच्या जातीनुसार अक्षरे देणारी स्वतंत्र पद्धत रुळली. ३ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातील पसरूर येथे उतरलेले ‘आयई १०८३’ हे नॅट आज कराचीच्या संग्रहालयात आहे, आणि त्या क्रमांकाच्या आधारे उभय देशांतील वृत्तांत एकमेकांशी ताडून पाहता येतात. म्हणूनच चौकाचौकांत व संग्रहालयांत मांडलेल्या जुन्या विमानांस नवा रंग देताना त्यांचा मूळ क्रमांक जसाच्या तसा राखणे अगत्याचे आहे. तो बदलला तर यंत्र शिल्लक राहील, परंतु ते कोणत्या तळावरून उडाले व कोणत्या युद्धात लढले याचा दाखला नष्ट होईल.