एआय एजंटसाठी भूकंप-शोध साधन : माहितीपत्रकात काय असावे?

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. जागतिक भूकंप-नोंदींत मात्र त्याची तारीख २९ सप्टेंबर आहे. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. फरक प्रमाणवेळेचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकाला, म्हणजेच एआय एजंटला, हा फरक आधी सांगितला नसेल, तर हजारो बळी घेणारा तो मुख्य धक्का ‘त्या तारखेला आढळला नाही’ असे उत्तर मिळू शकते. भूकंपाच्या नोंदी शोधणाऱ्या साधनाचे माहितीपत्रक काटेकोर असावे लागते, ते यासाठीच.

साधन म्हणजे काय?

भाषिक प्रारूपाला ताज्या घडामोडी स्वतःहून ठाऊक नसतात. त्यासाठी त्याला बाहेरील माहितीसाठ्याशी जोडले जाते. या जोडणीला ‘साधन’ म्हणतात. साधनाचे नाव, ते कशासाठी वापरावे आणि कोणती माहिती द्यावी, याचे वर्णन एजंट वाचतो आणि त्यानुसार मागणी पाठवतो. वर्णनात जे नाही, ते तो अंदाजाने भरून काढण्याची शक्यता असते.

माहितीचा स्रोत

अशा साधनांसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची (यूएसजीएस) भूकंपसूची उपयुक्त ठरते. ती सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे. आरंभ व समाप्तीची वेळ, किमान परिमाण (बातम्यांत ‘रिश्टर’ म्हणून येणारा आकडा), अक्षांश, रेखांश आणि त्या बिंदूपासूनचे किलोमीटरमधील अंतर देऊन शोध घेता येतो. आरंभाची वेळ न दिल्यास केवळ मागील ३० दिवसांच्या नोंदी मिळतात. एका मागणीत कमाल २० हजार नोंदी मिळू शकतात.

वेळ

वेगळा उल्लेख नसल्यास ही सेवा दिलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे भारतात पहाटे साडेपाचपूर्वी झालेला प्रत्येक भूकंप तेथे आदल्या दिवशी नोंदला जातो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच. तो १० डिसेंबरच्या नोंदींत सापडतो. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाल्याने त्याची तारीख बदलत नाही. शोध घेताना वेळेचे रूपांतर करावे आणि उत्तर भारतीय वेळेत द्यावे, ही सूचना माहितीपत्रकात स्पष्ट हवी.

स्थान

आपण अक्षांश आधी आणि रेखांश नंतर सांगतो. या सेवेच्या जिओजेसन स्वरूपातील उत्तरात क्रम रेखांश, अक्षांश आणि खोली असा असतो. किल्लारीचा केंद्रबिंदू सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलट वाचल्यास ठिकाण थेट आर्क्टिक प्रदेशातील स्वालबार्ड बेटांजवळ जाते.

उत्तराचा अर्थ

प्रत्येक नोंदीसोबत तिची स्थिती दिलेली असते. ‘स्वयंचलित’ नोंद संगणकाने केलेली, तर ‘तपासलेली’ नोंद तज्ज्ञाने पाहिलेली असते. तपासणीनंतर परिमाण, खोली आणि केंद्रबिंदू बदलू शकतात. म्हणून एजंटने आकड्यासोबत स्रोत आणि स्थिती दोन्ही सांगावीत. दोन संस्थांचे आकडे वेगळे असू शकतात. भूजच्या भूकंपाचे परिमाण भारतीय हवामान विभागाने ६.९, तर यूएसजीएसने ७.७ नोंदवले आहे. अशा वेळी दोन्ही आकडे द्यावेत. त्यांची सरासरी काढू नये.

‘त्सुनामी’ या रकान्यातील १ हा आकडा सर्वाधिक फसवा आहे. सागरी क्षेत्रात मोठा भूकंप झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्सुनामी आली किंवा येणार, असा नव्हे. भारतासाठी त्सुनामीच्या सूचना हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था देते.

मर्यादा

अमेरिकेबाहेरील लहान धक्क्यांच्या नोंदी या सूचीत अपुऱ्या असतात, साधारणतः ४.५ व त्याहून अधिक परिमाणाच्या भूकंपांसाठी ती भरवशाची मानली जाते. कोयना परिसरातील सौम्य धक्क्यांसाठी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदी पाहणे आवश्यक आहे. म्हणूनच शोधातून काहीही न मिळाल्यास ‘भूकंप झाला नाही’ असे न म्हणता ‘या सूचीत नोंद आढळली नाही’ असे उत्तर द्यावे.

हे साधन झालेल्या भूकंपांची माहिती देते. पुढील भूकंप केव्हा, कोठे आणि किती मोठा होईल, हे नेमके सांगणारी पद्धत विज्ञानाकडे आज नाही. पहिला धक्का बसल्यावर घराबाहेर थांबलेले कुटुंब ‘आता आत जाऊ का?’ असे एजंटला विचारू शकते. त्याचे उत्तर या नोंदींत नाही. अशा वेळी स्थानिक प्रशासनाच्या सूचना पाळण्यास सांगावे, हे वाक्यही माहितीपत्रकात असलेच पाहिजे.