वाट पाहण्याचे तास

निफाडचे नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. माझे कुतूहल मात्र इथल्या रेल्वे स्थानकापासून सुरू झाले. मुंबई-भुसावळ मार्गावर निफाडसारखी कितीतरी मधली स्थानके आहेत. अशा ठिकाणच्या नोकरीचे तास मोजायचे कसे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. रात्री उशाशी मोबाइल ठेवून झोपणाऱ्या आजच्या संगणक अभियंत्यापुढेही तोच प्रश्न आहे.

गिरणीतला हिशेब त्यामानाने सोपा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी रविवारची सुटी मागितली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. गिरणी थांबली की सगळेच मोकळे. आगगाडीला रविवार नसतो. तिथे विश्रांती माणसागणिक मोजावी लागते आणि मोजमापाचा नियम कोण ठरवतो, याला महत्त्व येते.

1930 मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. सलग कामाच्या नोकरीला आठवड्याचे सरासरी 60 तास ठरले. खंडित स्वरूपाच्या नोकरीला 84. खंडित म्हणजे काय? माणूस कामावर हजर असतो, पण बराच वेळ त्याला ना हालचाल करावी लागते ना सतत लक्ष द्यावे लागते. कागदावर हे पटते. पण पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पॉइंट्समनचे कान घंटीकडेच असतात. त्याला ना घरी जाता येते, ना निश्चिंत पाठ टेकता येते. ही वाट पाहणे नियमाने अर्धी विश्रांती ठरवली.

इंजिन ड्रायव्हर व गार्ड तर या नियमांतून वगळलेलेच होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या निवाड्याने त्यांना आत आणले. सलग कामाचे तास 54 वर आले, खंडित कामाचे 75 वर; फार ताणाच्या कामासाठी 45 तासांचा वेगळा वर्ग झाला. तरीही इंजिनावरची पाळी लांबतच राहिली. अखेर लोको कर्मचाऱ्यांनी संप केला आणि ऑगस्ट 1973 मध्ये दहा तासांच्या पाळीचे आश्वासन मिळवले. पुढच्याच वर्षी, 8 ते 27 मे 1974, देशभर रेल्वे संप झाला. त्याच्या मागण्यांत आठ तासांचा दिवसही होता. इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही इंजिन कर्मचाऱ्यांची ठाणी याच मार्गावरची. पहाटे घरी येऊन दिवसा झोपणारा बाप तिथल्या मुलांना नवा नव्हता.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. तासांची संख्या हा वादाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा, कोणता तास कामाचा मानायचा, हा होता. सर्व्हर बंद पडला तर उठायचे, म्हणून जागरूक राहिलेली रात्र आजच्या हजेरीपटावर कुठे दिसते? कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

जुन्या नियमातली ‘सतत लक्ष’ ही कसोटी मला आजही उपयोगाची वाटते, फक्त ती प्रामाणिकपणे लावायला हवी. ज्याचे लक्ष बांधलेले आहे तो कामावर आहे, मग तो केबिनमध्ये असो की स्वतःच्या अंथरुणात.