नार्व्याच्या धक्क्यावरून अब्राम

उत्पत्ती, अध्याय 12, ओळी 1 ते 9

दिवाडी बेटावर एक नार्वे आहे आणि पाण्यापलीकडे डिचोली तालुक्यात दुसरे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले. लिंग नदीपार आले, आणि देवामागून गावाचे नावही आले. 1668 साली शिवाजी महाराजांनी या नव्या नार्व्यात देऊळ बांधायला लावले, त्याचा शिलालेख दारावर आहे. तिकडे सासष्टीतही हेच झाले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पाणी ओलांडून अंत्रुज महालात गेली. जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांच्यासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुना करार येतो. अब्रामाचे घर सोडणे त्या श्रोत्यांना कसे ऐकू आले असेल, हा प्रश्न मला सुटत नाही. म्हणून मूळ ओळींकडे जातो.

ओळ 1. देवाची आज्ञा: देश सोड, गोत सोड, बापाचे घर सोड, आणि मी दाखवीन त्या देशात जा. निघणारा माणूस आधी उंबरठा ओलांडतो, मग भावकी, शेवटी वेस. इथे क्रम उलटा आहे. सोडायला सोपे ते आधी, जीव अडकलेले शेवटी. हिब्रूत आज्ञेचे शब्द आहेत ‘लेख लखा’. पहिला शब्द ‘जा’. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘तुला’ किंवा ‘तुझ्यासाठी’. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो की हे जाणे तुझ्याच भल्याचे आहे, असा त्याचा भाव. मराठीला एवढे स्पष्टीकरण लागत नाही. आपण सहज म्हणतो, ‘तू आपला नीघ.’ त्या ‘आपला’मध्ये धीरही आहे आणि एकटेपणही. कुठे जायचे ते मात्र सांगितलेले नाही. क्रियापद भविष्यकाळी आहे, गावाचे नाव नाही.

ओळी 2 आणि 3. मोठे राष्ट्र, मोठे नाव, आणि पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद. आदल्याच अध्यायात बाबेलचे लोक स्वतःचे नाव करायला बुरूज बांधत होते. इथे नाव दिले जाते आहे, तेही काहीच न बांधलेल्या माणसाला.

ओळ 4. अब्राम निघाला. ‘बरे’ नाही, ‘कसे’ नाही, उत्तरच नाही. वय 75. आता आदल्या अध्यायातले आकडे सरळ मांडून पाहावेत. तेरह 70 वर्षांचा असताना त्याला अब्राम झाला आणि तेरह 205 वर्षे जगला. म्हणजे मुलगा हारान गावाहून निघाला तेव्हा म्हाताऱ्याची आणखी 60 वर्षे उरली होती. ‘बापाचे घर’ म्हणजे रिकामी वास्तू नव्हे, दारात बसलेला बाप. नव्या करारात स्तेफन आपल्या भाषणात सांगतो की बाप वारल्यावर अब्राम निघाला. दोन्हींचा मेळ घालायला टीकाकारांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. मला वाटते, आकडे बोचतात तर बोचू द्यावेत. निघणाऱ्याच्या श्रद्धेची किंमत मागे राहिलेल्यानेही मोजली, हे त्या 60 वर्षांत आहे.

ओळ 5. बरोबर बायको साराय, पुतण्या लोट, मिळवलेले धन, आणि हारानमध्ये मिळवलेले ‘जीव’. ज्यू परंपरा म्हणते की ही अब्रामाने आपल्या देवाकडे वळवलेली माणसे. साधा अर्थ दासदासी असा आहे आणि तोच मला खरा वाटतो. त्यांना हाक ऐकू आली नव्हती, तरी सगळी वाट त्यांनीही चालली. नार्व्याच्या देवळात गेलो की हीच ओळ आठवते. दारावरच्या शिलालेखात राजाचे नाव आहे. पाण्यातून लिंग आणताना वल्हे कोणाच्या हातात होते, हे दगडावर नाही.

ओळ 6. तो शखेमला, मोरेच्या झाडापाशी पोचतो. ‘मोरे’ म्हणजे शिकवणारा, वाट दाखवणारा. मी दाखवीन असे देव म्हणाला होता, आणि पहिला मुक्काम पडतो तो दाखवणाऱ्याच्या झाडाखाली. हे झाड बहुधा तिथल्या लोकांनी आधीपासून मानलेले असावे. गोव्यातल्या पेडण्याच्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. वेशीवरच्या झाडाखाली राखणदार असतो, त्याला रोट द्यावा, नारळ ठेवावा आणि मगच पुढे जावे, हे तो लहानपणीच शिकतो. अब्राम ते झाड तोडत नाही. आणि लेखक तिथेच एक छोटे वाक्य घालतो, की त्या काळी देशात कनानी राहत होते. वचनाची भूमी रिकामी नव्हती. मला या अध्यायातले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. गोव्यात ज्यांची देवळे पाडली गेली त्यांनी आणि ज्यांनी पाडली त्यांनीही ते सावकाश वाचायला हवे होते.

ओळ 7. देव दर्शन देतो आणि हा देश तुझ्या संततीला देईन म्हणतो. ‘तुला’ म्हणत नाही. संतती अजून नाहीच. साराय वांझ आहे हे आधी सांगून झाले आहे. तरीही अब्राम वेदी बांधतो. मूर्ती नाही. बळी दिल्याचाही उल्लेख नाही. फक्त वेदी.

ओळ 8. पुढे डोंगराकडे, पश्चिमेला बेथेल आणि पूर्वेला आय, मधोमध तंबू. बेथेल म्हणजे देवाचे घर, आय म्हणजे पडीक ढिगारा. ‘त्याचा तंबू’ या शब्दाचे शेवटचे अक्षर हिब्रूत असे लिहिले आहे की ते ‘तिचा तंबू’ असेही वाचता येते. राशी म्हणतो, त्याने आधी सारायचा तंबू उभारला, मग स्वतःचा. एका अक्षरातून एवढी माया काढणारा भाष्यकार मला फार जवळचा वाटतो.

मग दुसरी वेदी, आणि तिथे त्याने परमेश्वराच्या नावाने हाक मारली. हे क्रियापद मोठ्याने बोलावण्याचे आहे, पुटपुटण्याचे नव्हे. पेडण्याच्या देवळात गाऱ्हाणे घालताना ऐकावे. गाऱ्हाणे घालणारा उभा राहून देवाला हाक मारतो, राखणदारांची नावे घेतो, कोणाचे काय अडले आहे ते सगळ्यांसमोर सांगतो, आणि जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात. प्रार्थना उघड्यावर, चारचौघांत, नाव घेऊन करायची असते, हे मी पुस्तकातून नाही, त्या चौकातून शिकलो. फरक एवढाच, की अब्रामाच्या हाकेला ‘व्हय’ म्हणणारा आवाज ओळीत नोंदवलेला नाही.

ओळ 9. मजल दरमजल तो दक्षिणेला नेगेबाकडे जातो. इथल्या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ खुंट्या उपटणे. तंबू उपटला जातो, वेदी उपटत नाही. ती रचलेल्या दगडांची, तिथेच राहते.

दिवाडीवरच्या नार्व्यात उलटे घडले. घरे राहिली आणि देव उचलला गेला. गाभाऱ्यातले पैलू पाडलेले धारालिंग पाहताना हा फरक जाणवतो.

पुढच्याच ओळीत दुष्काळ येतो आणि अब्राम मिसरात उतरतो. तिथे भीतीपोटी तो बायकोला बहीण म्हणवतो. तिथे वेदी नाही, हाकही नाही. तेराव्या अध्यायाच्या आरंभी तो परततो ते थेट बेथेल आणि आय यांच्या मधल्या त्याच जागी, आधी बांधलेल्या त्याच वेदीपाशी, आणि पुन्हा नाव घेऊन हाक मारतो.

गोकुळाष्टमीला नार्व्यात पंचगंगेवर माणसे स्नानाला उतरतात. गुडघाभर पाण्यात उभे राहिले की समोर दिवाडी दिसते.