लेटरहेडवरचा ‘ल’

करोल बागेतल्या बीडनपुऱ्यात एका गलाई दुकानाच्या कपाटात लेटरहेडचे शेवटचे सोळा कागद उरले होते. ज्या गावाकडच्या छापखान्यात ते छापले जात तो बंद पडला होता. दर दिवाळीला गावी जायचे, येताना चारशे-पाचशे कागदांचा गठ्ठा गाडीतून आणायचा, असा दुकानाचे मालक आण्णा यांचा तीस-पस्तीस वर्षांचा शिरस्ता. पुतण्याने तो एका संध्याकाळी मोडला. संगणकावर हेडरमध्ये दुकानाचे नाव, फूटरमध्ये दोन पत्ते, आणि फाइल टेम्प्लेट म्हणून जतन. आण्णांनी छापील नमुना हातात धरला आणि म्हणाले, “ह्यो आपला ल न्हाय.”

गलाई म्हणजे जुने सोने वितळवून, तेजाबाने त्यातली भेसळ काढून ते शुद्ध करणे. खानापूर-आटपाडी, माण-खटाव अशा दुष्काळी टापूतली माणसे या धंद्यामागे देशभर गेली. दिल्लीत चांदणी चौकाजवळच्या कूचा महाजनीत आणि करोल बागेत ती आजही भेटतात. सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, चिठ्ठीवर लिहून मिळतो. आकडा वाचण्याआधी गिऱ्हाईक चिठ्ठीचा माथा पाहते. पत तिथे असते. त्यामुळे आण्णांचा आक्षेप म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

कागदाच्या माथ्यावर आपण कोण ते सांगायचे, ही रीत आपल्याकडे लेटरहेडच्या फार आधीची. शिवकालीन राजपत्रात माथ्यावर मुद्रा असते. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृतात, फारसी शिक्क्यांच्या जमान्यात मुद्दाम वेगळी. मजकूर संपला की खाली मर्यादेची लहान मुद्रा, म्हणजे तिच्यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती पत्राची नव्हे. वर हेडर, खाली फूटर, आणि दोन्ही कशासाठी याचे उत्तर आजच्या वर्ड प्रोसेसरपेक्षा जास्त स्पष्ट.

छपाई आली तसे माथ्याचे काम खिळ्यांकडे गेले. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला; राणोजी रावजी आरूंनी घडवलेल्या त्याच्या देवनागरी टायपांनी मराठी डोळ्याला वळण लावले. उत्तरेत वळण वेगळे होते. पुढे लिपीच्या प्रमाणीकरणात हिंदीने अ, झ, ण यांची मुंबई वळणे स्वीकारली, पण ल आणि श मात्र जिथल्या तिथे राहिले. मराठीच्या ल ला दोन पाकळ्या, श ला देठ. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ अशीच नावे देऊन ती रूपे मराठीसाठी प्रमाण ठरवली. शासकीय भाषेत इतका नेमका आणि इतका गोड शब्दप्रयोग विरळाच.

आता आण्णांच्या माथ्यावर काय होते पहा: गलाई, करोल बाग, दिल्ली. सगळीकडे ल.

संगणकाने आधी वेगळाच घोळ घातला. नव्वदच्या दशकातल्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण आतला संकेत रोमन अक्षरांचा किंवा त्या त्या कंपनीचा स्वतःचा. तुमच्या फॉन्टातले लेटरहेड दुसऱ्या यंत्रावर उघडले की नावाच्या जागी अगम्य रोमन चिन्हे. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतावर बेतून युनिकोडमध्ये देवनागरी आली, आणि विंडोज 2000 बरोबर मंगल हा फॉन्ट. तो र. कृ. जोशींनी घडवलेला, म्हणजे अक्षरे मराठी सुलेखनकाराची, पण ल डोळ्यांसमोर येतो तो हिंदी वळणाचा. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही ल एकच. वळण कोणते हे फॉन्टने ठरवायचे.

हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. दोन ल ना दोन संकेत दिले असते तर दिल्ली शोधताना अर्धी दिल्ली सापडली नसती. पण त्याचा भार टेम्प्लेट बनवणाऱ्यावर पडतो, आणि त्याला हे कोणी सांगत नाही. नव्या काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी ठेवली तर एक ल, मराठी निवडली तर दुसरा. पुतण्याच्या यंत्रावर भाषा अर्थातच हिंदी होती. ती बदलल्याबरोबर पाकळ्या उमलल्या. (त्याला वाटले मी काही जादू केली.)

गावाच्या पत्त्यात दुसरी अडचण होती: ता. कऱ्हाड. पुतण्याने र चा पाय मोडून ह लिहिला होता, म्हणून र उडून डोक्यावर रफार होऊन बसला. उच्चारच बदलला. ज्या र ला आपण पापणीसारखा आडवा काढतो त्याचा रस्ता युनिकोडमध्ये गमतीदार आहे. खाली टिंब असलेला ऱ हे चिन्ह तिथे द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवले आहे, आणि त्याचे अर्धे रूप म्हणून आपला र नोंदलेला आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ, मग हलन्त, मग ह. साताऱ्याचे कऱ्हाड लिहायला तमिळ-मलयाळमच्या दारातून जावे लागते.

टेम्प्लेट झाले. पहिल्या पानाचे हेडर वेगळे ठेवले, म्हणजे दुसऱ्या पानावर माथा उगाच उमटत नाही. फाइल टेम्प्लेट म्हणून जतन केल्याने तिच्यावर दोनदा क्लिक केले की नवे कोरे पत्र उघडते, मूळ तसेच राहते. मग पुतण्याने ती हिशेबनिसाला पाठवली, आणि त्याच्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता. ल पुन्हा हिंदी.

शेवटी करोल बागेतले डीटीपीवाले जे वर्षानुवर्षे करत आले तेच केले: दुकानाचे नाव चित्र करून हेडरमध्ये बसवले. शोधता येत नाही, सुधारता येत नाही, पण कुठेही बदलत नाही. मुद्राही अशीच होती. पत्ते मात्र मजकूरच ठेवले. दुकान हलले तर कऱ्हाडची ओळ तरी तशीच राहील, असे आण्णा म्हणाले.

जुने सोळा कागद त्यांनी फेकू दिले नाहीत. त्यांवर आता ते फक्त गावी पत्रे लिहितात, तीही हाताने.