दिवसाचे डॉक्टर, रात्रीची आई

लंडन, 2 ऑक्टोबर 1861. ऑब्स्टेट्रिकल सोसायटीची सभा भरली आहे आणि तुम्ही मागच्या रांगेत खुर्ची पटकावली आहे. गॅसच्या दिव्यांमुळे हवा कोंदटलेली. काळ्या कोटातल्या, कल्लेवाल्या डॉक्टरांपैकी कुणाचंच तुमच्याकडे लक्ष नाही. निबंध वाचायला उठले आहेत विल्यम जॉन लिटल. लहानपणी आजारात त्यांचा स्वतःचा पाय वाकडा झाला होता. तो सरळ करून घ्यायला ते 1836 साली जर्मनीत शल्यविशारद श्ट्रोमायर यांच्याकडे गेले, तीच शस्त्रक्रिया शिकून परतले आणि लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी त्यांनी इस्पितळ काढलं. तेव्हा हा माणूस ऐकीव बोलत नाही.

शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा दाखला देत ते मुद्द्यावर येतात. बाळंतपण अडलं, मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलं किंवा जन्मताना गुदमरलं, तर पुढे त्याचे हातपाय ताठरू शकतात. या दुखण्याला पुढची कित्येक वर्षं ‘लिटलचा आजार’ म्हणणार आहेत, आणि नंतर सेरेब्रल पाल्सी, थोडक्यात सीपी. श्वास या निबंधात येतो, पण तो फक्त जन्मवेळेचा. (त्या श्वासावरही सगळं खापर फुटायला नको होतं. व्हिएन्नात मुलांचे मज्जाविकार पाहणाऱ्या फ्रॉइडनं 1897 मध्ये शंका काढली की अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचा परिणाम असेल. जन्मताना गुदमरणं हे थोड्याच मुलांच्या बाबतीत खरं कारण असतं, हे आता पक्कं झालं आहे. आपल्याकडे अजून सुईण आणि सून या दोघींनाच बोल लागतो, तो भाग वेगळा.)

तीस वर्षं पुढे या, अमेरिकेत. डॉक्टर विल्यम ऑस्लर यांचं लहान मुलांच्या सेरेब्रल पाल्सीवरचं पुस्तक 1889 मध्ये आलं आहे, 151 जणांच्या नोंदींसह. आता 1892 उजाडलं आहे आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ऑस्लर यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक तुमच्या हातात पडतं. टॉन्सिलच्या जुनाट सुजेचं प्रकरण काढा. तोंड उघडं टाकून झोपणारं, रात्रभर घोरणारं, मध्येच श्वास थांबून मग मोठ्यानं आत ओढणारं, दिवसा मठ्ठ वाटणारं मूल तिथं इतकं हुबेहूब उतरलं आहे की आजचा डॉक्टर नुसतं वाचून निदान करील. एकाच लेखणीनं तीन वर्षांच्या अंतरानं ही दोन मुलं लिहिली. पण टॉन्सिलच्या प्रकरणातल्या मुलाचे हातपाय धडधाकट आहेत. दोन्ही दुखणी एकाच मुलाला असली तर?

तसं मूल शोधायला ग्रंथालय सोडा आणि फिलाडेल्फियातल्या एखाद्या गिरणी कामगाराच्या घरात रात्री शिरा. रॉकेलचा दिवा बारीक केलेला. सहा वर्षांचा मुलगा उताणा झोपला आहे, मान मागे टाकून, जणू कुणी केस धरून ओढतंय. ती मान सवयीनं तशी गेलेली नाही; मागे टाकली की घसा थोडा मोकळा होतो म्हणून गेली आहे. सदरा घामानं भिजलाय. जवळ वाका. श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती मात्र आत जाते, बरगड्यांच्या मधली कातडी खोलगट होते. घोरणं चाललेलं असतं आणि एकदम थांबतं. पोट हलतंय, छाती हलतेय, पण नाकातोंडातून हवा नाही. तुम्हीही नकळत श्वास रोखता. मग एक मोठा आचका, सगळं अंग ताठ, एक घोरका, आणि पुन्हा पहिल्यापासून. आई उठून बसते, त्याची हनुवटी वर धरते, त्याला कुशीवर करते. आवाज उतरतो. ही युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही.

आत काय चाललंय? झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. पण या मुलाचा मेंदू त्या स्नायूंना जागेपणीसुद्धा नीट हुकूम देत नाही. जीभ मागे पडते, लाळ साठते, टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असल्या तर वाट आणखी अरुंद. सरबत जोरानं ओढलं की कागदी नळी चपटी होते, तसा घसा मिटतो. धडधाकट मूल अशा वेळी झोपेतच कूस बदलतं आणि सुटतं. याला कूस बदलता येत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जीवघेणी वाटते ती हीच गोष्ट.

सकाळी त्याला दवाखान्यात नेतात. गुडघा वाकवून बघतात, टाच मोजतात. रात्रीचं कुणी विचारत नाही; आईनं सांगितलंच, तर अशा मुलांचं असंच असायचं हे उत्तर ठरलेलं.

मधली दशकं भराभर ओलांडा. 1972 साली मुंबईत मिथू अलूर सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या लेकीच्या निमित्तानं अशा मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी काढतात. निदान दिवस तरी या मुलांच्या वाट्याला येऊ लागतो, शाळा येते. त्याच दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी नाडीवरून रक्तातला ऑक्सिजन मोजायची रीत शोधतात. कोविडमध्ये घरोघरी आलेली बोटावरची चिमटी, म्हणजे ऑक्सिमीटर, त्यातूनच निघाली. आणि 1976 मध्ये स्टॅनफर्डला गिलमिनो आणि त्यांचे सहकारी आठ मुलांवर लेख लिहितात. अंगाला तारा लावून, रात्रभर जागून त्यांनी मोजलं, की झोपेत श्वास तुटणं हा नुसता लठ्ठ पुरुषांचा आजार नाही.

पण निदान झालं तरी उपाय काय? आजार बळावलेला असेल तर गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. म्हणून जून 1980 मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड इस्पितळात एक रात्र काढाच. कॉलिन सलिव्हन यांनी एका रुग्णाच्या नाकाला मुखवटा लावला आहे. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा ओढायच्या ऐवजी फेकते आहे. खोलीत घरघर भरून राहिली आहे. दाब हळूहळू वाढवला जातो, आणि एका टप्प्यावर घोरणं बंद पडतं, श्वास सलग चालू लागतो. दाब कमी केला की पुन्हा तुटतो. वाढवला की पुन्हा सलग. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सीपॅप म्हणतात ते हेच यंत्र.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या झोपेची चौकशी व्हायला मात्र आणखी वेळ गेला. डब्लिनमध्ये 6 ते 11 वर्षांच्या 173 मुलांच्या आईवडिलांना झोपेबद्दल सविस्तर प्रश्न विचारले गेले, त्याचे निष्कर्ष 2006 साली छापून आले. झोपेचा एकंदर त्रास 23 टक्के मुलांमध्ये निघाला. इतर मुलांत तो 5 टक्के धरतात. श्वासाचा त्रास साधारण सातांतल्या एकाला. शोध म्हणाल तर एवढाच, की घरच्यांना विचारलं.

परत या, आजच्या आपल्या घरात. उपाय आहेत आणि ते जिल्ह्याच्या गावात बरेचसे मिळतात. टॉन्सिल-ॲडेनॉइड काढून पुष्कळ मुलांना फरक पडतो. मात्र या मुलांना ऑपरेशननंतर श्वासाचा धोका जास्त, म्हणून त्याच दिवशी घरी सोडत असतील तर नको म्हणा, रात्रभर देखरेखीखाली ठेवा. काहींना सीपॅप लागतं. आणि मूल झोपत नाही म्हणून झोपेचं औषध सुरू होत असेल, तर आधी ते घोरतं हे डॉक्टरांना सांगा. घसा आणखी सैल करणारी काही औषधं त्यात असतात. चालू औषध मनानं बंद करू नका, त्यानं झटके येऊ शकतात. दिवसा बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर 98 दिसलं, यावरून रात्रीचं काहीच कळत नाही.

घरात असं मूल असेल, तर आज रात्री खोलीत थोडा उजेड ठेवा, त्याचा सदरा वर घ्या आणि छाती, पोट, तोंड तिन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आवाजासकट मोबाईलवर घ्या. पुढच्या भेटीत फिजिओचं बोलणं सुरू व्हायच्या आधी तो डॉक्टरांसमोर धरा. ‘सीपीच्या मुलांचं असतंच असं’ हे ऐकायला मिळालं, तर वाद घालू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागा आणि ती मिळाल्याशिवाय उठू नका.