उडत्या तबकड्यांचे शास्त्र का झाले नाही?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकी वैमानिक माउंट रेनियर या पर्वताजवळून आपले छोटे विमान नेत होता. त्याला आकाशात नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. ही उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘उडती तबकडी’ जन्माला आली. मग लोकांना आकाशात तबकड्याच दिसू लागल्या!

अमेरिकी हवाई दलाने चौकशी सुरू केली. १९५२ पासून ती ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नावाने चालली. १९६९ मध्ये ती बंद झाली तेव्हा एकूण नोंदी होत्या १२,६१८. शुक्र, तेजस्वी तारे, उल्का, फुगे, विमाने यांवरून बहुतेकींचा उलगडा झाला. ७०१ नोंदींचा झाला नाही. सारा वाद या साडेपाच टक्क्यांचा. पण ‘उलगडा झाला नाही’ म्हणजे ‘परग्रहावरून आले’ असे नव्हे. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच, की माहिती अपुरी आहे.

१९६६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. या साऱ्या खटाटोपातून विज्ञानात काही भर पडली नाही, असा त्याचा निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याआधीच एक टिपण बाहेर आले होते. अभ्यास निःपक्षपाती दिसावा, पण काही सापडण्याची आशा नाही हे शास्त्रज्ञांना कळावे, असे त्यात सुचवले होते. निष्कर्ष बरोबर असला तरी विश्वास गेला. लष्करी गुप्ततेने त्यात भर घातली. रॉसवेलजवळ १९४७ मध्ये सापडलेले अवशेष हवामानाच्या फुग्याचे असल्याचे सांगितले गेले होते. सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेणाऱ्या गुप्त फुग्यांशी त्यांचा संबंध असल्याचे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले.

मग शास्त्रज्ञ नव्या गोष्टी मुळातच नाकारतात काय? आकाशातून दगड पडतात, हेही पूर्वी अनेक विद्वानांना खरे वाटत नव्हते. १८०३ मध्ये फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला. ज्याँ बाप्तिस्त बियो तेथे गेला, साक्षी नोंदवल्या, दगड गोळा केले, आणि मत बदलले. तबकड्यांच्या बाबतीत साक्षी भरपूर आहेत, पण प्रयोगशाळेत तपासून सर्वांना पटेल असा ‘दगड’ नाही.

२०२३ मध्ये नासाच्या अभ्यासगटानेही हेच दुखणे सांगितले : परग्रहाचा पुरावा नाही, आणि हाती असलेली माहिती निकृष्ट आहे. या विषयाला भवितव्य असेलच, तर ते अचूक उपकरणांनी केलेल्या नियमित नोंदींत आहे.

वर्गात कोणी ‘तबकड्या खऱ्या का?’ असे विचारले, तर आपण हसण्यावारी नेऊ नये. कोणत्या दिशेला दिसली? क्षितिजापासून किती अंशांवर? किती वेळ? आणखी कोणी पाहिली? त्या वेळी शुक्र कुठे होता? हे प्रश्न विद्यार्थ्यांनीच सोडवावेत. उत्तर सापडले नाही, तर वहीत ‘माहीत नाही’ एवढेच लिहावे. तेही शास्त्रीय उत्तर आहे.